अर्ध्या घरात पुरा संसार

फलटणच्या आसपास कोळकी, जाधववाडी, मलठण या बाजूंना फेरी मारली की असं एखादं घर हमखास दिसतं. खांबांच्या सळया आभाळात तशाच उभ्या, बाहेरून विटा उघड्या, खिडकीत काचेऐवजी सिमेंटचं उसवलेलं पोतं. आणि तरी दारात तुळस आहे, दोरीवर शाळेचा गणवेश वाळतोय, आतून कुकरची शिटी ऐकू येतेय. बांधकाम चालू आहे आणि संसारही चालू आहे.

अशा घरात कुणी हौसेनं राहायला जात नाही. एकीकडे भाडं, दुसरीकडे बँकेचा हप्ता, ही दुहेरी ओढाताण पगारदार माणसाला सात-आठ महिन्यांत नकोशी होते. जूनमध्ये शाळा सुरू होते. आषाढ लागला की चातुर्मास, मग वास्तुशांतीचे मुहूर्त लांबतात, म्हणून अक्षय तृतीयेच्या सुमाराला घाई होते. शिवाय प्लॉटवर पडलेली वायरची बंडलं, नळाचे सुटे भाग आणि सळईचे तुकडे रात्रीत पाय फुटल्यासारखे नाहीसे होतात. त्यामुळे आधी घरातले आजोबा खाट घेऊन राखणीला जातात, मग त्यांच्या चहापाण्यासाठी गॅस जातो, आणि दिवाळीपर्यंत सगळं घरच तिकडे गेलेलं असतं. तेव्हा ‘काम पुरं झाल्याशिवाय राहायला जाऊ नका’ हा सल्ला कितीही बरोबर असला तरी ऐकला जाणार नाही. जायचंच आहे, तर कसं जायचं, एवढंच इथे सांगतो.

पहिली गोष्ट गवंड्यांना विचारा. कुठलाही जुना गवंडी सांगेल, “मालक, तुम्ही राहायला आलात की आमचं काम पडलंच म्हणून समजा.” त्याचं म्हणणं खरं आहे. ज्या खोलीत कपाट आणि अंथरुणं आहेत तिथे तो पहाड बांधू शकत नाही. सकाळी आठला माणसं आली की तुम्ही आंघोळीत, दुपारी फरशी कापायला घेतली की बाळ झोपलेलं. दिवसाचं काम तीन दिवसांवर जातं, चौरस फुटाच्या मजुरीवर काम घेतलेल्या माणसाला ते परवडत नाही, तो दुसरी साइट धरतो. पण यापेक्षा मोठं कारण घरातच असतं. डोक्यावर छप्पर आलं की निकड संपते. पुढच्या महिन्यात गिलाव्यासाठी ठेवलेले पैसे फीला जातात, मग लग्नाच्या आहेराला, मग ट्रॅक्टरच्या टायरला. विटा तशाच राहतात. समुद्रावर जाण्यासाठी बोट दुरुस्त करता करता तिच्यातच राहणाऱ्या हौशी दर्यावर्दींचंही जगभर हेच रडगाणं आहे. संसार एकदा बोटीत शिरला की बोट वर्षानुवर्षं धक्क्यालाच बांधलेली राहते.

म्हणून जाण्याआधी कामांची यादी दोन भागांत करा. माणसं राहत असताना होऊ शकतील अशी कामं कोणती आणि कदापि होणार नाहीत अशी कोणती. ‘जे महत्त्वाचं ते आधी’ असा हिशेब इथे चालत नाही. बाहेरचा गिलावा महत्त्वाचा आहेच, पण तुम्ही आत राहत असतानाही तो होतो. रंग, कपाटं, कंपाउंड, गेट, अंगणातली फरशी, जिन्याखालची खोली, हे सगळं नंतर चालतं. मात्र भिंतीत झिऱ्या मारून वायरिंगचे पाइप बसवणं, आतला गिलावा, जमिनीची फरशी, न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग आणि स्वयंपाकाचा ओटा ही पाच कामं राहत्या खोलीत करायला घेतली तर घरातली शांतता आणि कामाचा दर्जा दोन्ही जातात. न्हाणीघराचं तर विशेष. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून दोन-तीन दिवस तसंच ठेवून गळती बघायची असते. घरात एकच न्हाणीघर आणि सकाळी पाच माणसांची आंघोळ, अशा ठिकाणी ही चाचणी कोण करणार? मग दोन वर्षांनी बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि बसवलेली फरशी फोडावी लागते.

बहुतेक जण उलट करतात. सगळ्या खोल्यांचं काम थोडं थोडं करतात आणि सगळ्या खोल्यांत थोडं थोडं राहतात. माझं मत स्पष्ट आहे: एक खोली, एक संडास-न्हाणीघर आणि एक ओटा, एवढं शेवटच्या बोर्डापर्यंत पुरं करा, दार लावा, त्याला कडी लावा आणि तिथेच राहा. बाकीचं घर म्हणजे साइट. तिथे आपलं सामान ठेवायचं नाही, पाहुणे बसवायचे नाहीत, मुलांनी खेळायचं नाही. तीन खोल्यांचं घर असूनही सहा महिने एका खोलीत राहणं जड जातं, मान्य. पण साइटवाल्या भागात गवंड्याला मोकळं रान मिळतं आणि कामाला शेवट असतो. दोन्ही भागांच्या मध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद वरपासून खालपर्यंत लावा आणि खाली विटेचं वजन द्या. फरशी कापताना उडणारी बारीक पांढरी धूळ फुप्फुसात जाऊन बसते, ती नुसत्या पडद्यानं अडत नाही. कटरवर पाण्याची धार सोडून कापायला सांगा. कारागीर कुरकुर करेल, चिखल होतो म्हणेल. होऊ दे.

राहायला जाण्याचा एक फायदाही आहे, काम आपल्या डोळ्यांसमोर होतं. तो घ्यायला चुकू नका. गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली जात होती, तेव्हा नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे तिच्या कामावर जातीनं लक्ष ठेवून होते. पुढे 2009-10 मध्ये त्याच बोटीतून त्यांनी एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि एकट्यानं ती करणारे पहिले भारतीय ठरले. भर समुद्रात काही बिघडलं तर मिस्त्रीला बोलावता येत नाही. बोटीच्या पोटात काय कुठून गेलंय ते स्वतःलाच ठाऊक असावं लागतं. आपल्या घराच्या बाबतीत मिस्त्री मिळतो, पण तोही भिंत ठोकून अंदाजच करतो. म्हणून गिलावा होण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, शेजारी टेप धरून. पाण्याची लाइन जमिनीपासून किती उंचीवर आहे, वायरिंगचा पाइप चौकटीपासून किती अंतरावर, सांडपाण्याची लाइन फरशीखालून कुठे वळते, हे त्या फोटोत दिसलं पाहिजे. फोटोला खोलीचं नाव द्या, घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. दहा वर्षांनी गीझरसाठी खिळा ठोकताना त्या एका फोटोची किंमत कळेल.

आता वरच्या मजल्याचा प्रश्न. खाली राहून वर बांधायचं, हा आपल्याकडचा आवडता बेत. तो करा, पण स्लॅब टाकायच्या दिवशी आणि सेंटरिंग काढायच्या दिवशी मुलाबाळांना नातेवाइकांकडे पाठवा. सेंटरिंग लवकर काढायची घाई कंत्राटदाराला असते, कारण त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे, साधं सिमेंट असेल तर साडेचार मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण पंधरा फुटांच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे 14 दिवस ठेवायचे असतात. सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 आणि त्यापुढच्या बीमला 21 दिवस. आज दुकानात मिळणारं सिमेंट बहुतेक करून राख मिसळलेलं पीपीसी असतं, त्याला जोर यायला जास्त वेळ लागतो. म्हणून या आकड्यांना किमान समजा आणि वर आठवडाभर सोडा. पाणी मारण्याचंही तसंच. फलटणच्या एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीटला किमान 10 दिवस पाणी हवंच. पीपीसी असेल तर 14 दिवस धरा. इथे राहायला गेलेल्या कुटुंबाचा खरा उपयोग होतो. सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारायला साइटवर घरचं माणूस असतं. गिलाव्यालाही विसरू नका. स्लॅबवर सगळे पाणी ओततात, भिंत मात्र तशीच तडकते.

पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया वर्ष-दोन वर्षं तशाच राहणार असतील तर त्यांना सिमेंटचं पाणी घट्ट कालवून लेप द्या, गंज कमी लागेल. प्रत्येक टोकावर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली उलटी घाला. पतंगाच्या दिवसांत मुलं मागे बघत पळतात, तेव्हा ती बाटली कामाला येते. कठड्याचं काम नंतर करू म्हणाल तर गच्चीच्या दाराला कुलूप लावा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे ठेवा. जिन्याला कठडा नसेल तर निदान दोन बांबू आडवे बांधल्याशिवाय राहायला येऊ नका. हे काम पैशांअभावी राहत नाही, ‘उद्या करू’मुळे राहतं.

विजेचं म्हणाल तर बांधकामासाठी महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घेतलेलं असतं. त्याचा दर घरगुतीपेक्षा जास्त असतो, आणि ते असतं बांधकामापुरतंच. राहायला जाण्याआधी घरगुती मीटरसाठी अर्ज करा. शेजाऱ्याच्या घरातून भिंतीवरून वायर ओढणं हा प्रकार तर पूर्ण टाळा. पावसात वायर सोलली की भिंतच जिवंत होते. मेन बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. नुसता एमसीबी जास्त लोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवतो. माणसाला शॉक बसल्यावर क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी. ओल्या फरशीवर अनवाणी चालणाऱ्या घरात त्याच्याशिवाय राहूच नये. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. आणि गवंड्याच्या कटरला, वेल्डिंगच्या मशिनला वेगळा बोर्ड द्या. आपल्या फ्रिजच्या सॉकेटमध्ये त्यांची पिन जाता कामा नये.

साप. फलटण तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे, उंदीर आहेत, म्हणजे साप आहेत. विटांचा ढीग, सेंटरिंगच्या फळ्या, वाळूला टेकलेली पोती, यांसारखी जागा त्यांना दुसरी नाही. अर्धवट घरात खिडक्यांना जाळ्या नसतात, दाराखाली दोन बोटं फट असते, नवीन फरशी थंड असते म्हणून माणसं खालीच अंथरूण घालतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं काही दिसलं तर खूण सापडण्याची वाट बघू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका, 108 ला फोन करून प्रतिसर्पविष असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. पण ही वेळ येऊच नये म्हणून तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा: खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, आणि विटा-फळ्या राहत्या भिंतीपासून दूर, विटांच्या थरावर उचलून ठेवा. सकाळी बूट झटकून घाला; विंचवालाही बूट आवडतो.

ओल्या सिमेंटचं काम चालू असलेल्या बाजूला मुलांना अनवाणी जाऊ देऊ नका. सिमेंट क्षारयुक्त असतं, तासाभरात कातडी सोलवटते आणि आधी दुखत नाही म्हणून कळत नाही. लागलंच तर भरपूर साध्या पाण्यानं धुवा, तेल-हळद लावत बसू नका. ऑइल पेंट दिला त्या खोलीत लगेच झोपायला जाऊ नका. नव्या गिलाव्यावर रंगाची घाईही नको, महिनाभर भिंत सुकू द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतील. थंडीत कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं जिवावर बेतू शकतं. खिडकीला पोतं आहे म्हणजे हवा खेळते असं समजू नका, तेच पोतं थंडीत आपण नीट दाबून बसवतो.

पावसाचा हिशेब वेगळा लावा. फलटण पर्जन्यछायेतलं गाव, म्हणून इथे ‘पाऊस कुठे पडतोय’ असं म्हणून खिडक्या लांबवतात. पण इथला पाऊस वळवाचा आणि परतीचा. तो वाऱ्यासकट येतो आणि आडवा मारतो. 2025 च्या मे अखेरीला बारामती-फलटण पट्ट्यात जो पाऊस झाला त्यानं अशी कितीतरी गणितं चुकवली. म्हणून राहत्या खोलीच्या खिडक्या, गच्चीचा उतार आणि पन्हाळीचे पाइप ही कामं मे महिन्याच्या आधी. काळ्या मातीतला प्लॉट असेल तर गच्चीचं पाणी जोत्याला लागून मुरू देऊ नका. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते, जोतं उचलतं, भिंतीला तिरक्या चिरा जातात. पाइपानं पाणी लांब सोडा, पुढे अंगणाचं काम होईल तेव्हा होईल.

आणखी एक स्थानिक अडचण, गंमतीची वाटली तरी खरी. ज्ञानेश्वर माउलींची पालखी तरडगावहून फलटणला मुक्कामाला येते त्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे आणि वारकरी असतात. आपल्या दारात आलेल्या माणसाला ‘घर अर्धवट आहे’ म्हणून परत पाठवणारं कुणी नाही. पण पंधरा माणसं एका संडासावर आणि नुकत्याच भरलेल्या सेप्टिक टाकीवर म्हणजे प्लंबरला बोलावणंच. पाहुण्यांची सोय गच्चीवर होईल असं तर मनातसुद्धा आणू नका, कठडा नाही. जेवण द्या, मुक्कामाची सोय भावकीत करा.

कागदांकडे वळू. नगरपरिषदेच्या हद्दीत काम पुरं झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेऊनच राहायला जायचं असा नियम आहे. तो किती पाळला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत भाग-भोगवट्याची सोय आहे, म्हणजे पूर्ण झालेल्या भागापुरतं प्रमाणपत्र मागता येतं. ते आपल्या इंजिनिअरला विचारा. खेड्यात ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घराची नोंद वेळेवर करून घ्या. गृहकर्ज बँक टप्प्याटप्प्यानं देते, आणि शेवटचा टप्पा काम बघूनच मिळतो. राहायला गेलो आणि काम थांबलं तर तो टप्पा अडकतो, आणि ज्या पैशांत काम पुरं करायचं तेच हातात येत नाहीत. जुन्या करपद्धतीत व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट घेणाऱ्यांसाठी तर कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पुरं होणं ही अट आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये, तेही कामाच्या टप्प्याचे फोटो चढल्यावर हप्त्यांनी. किमान 25 चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या जागेसह घर हवं. अशांनी तर एक खोली-एक संडास हा नियम सोडूच नये, मोठा नकाशा धरून जोत्यावर थांबलेली घरकुलं गावोगाव आहेत.

गवंड्याशी मजुरीचा ठराव चौरस फुटावर झालेला असतो. त्यात तुम्ही मध्येच राहायला येणार हे धरलेलं नसतं. म्हणून जाण्याआधी त्याच्याबरोबर बसा, उरलेलं काम वहीवर लिहा, कुठल्या आठवड्यात कुठली खोली रिकामी करून देणार हे तुम्ही लिहा, किती दिवसांत देणार हे तो लिहील. मजुरीतला शेवटचा हिस्सा काम पुरं होईपर्यंत तुमच्याकडे राहू द्या. आणि उरलेल्या कामाचे पैसे वेगळ्या खात्यात टाका, पासबुक बायकोकडे द्या. माझ्या पाहण्यात जी घरं पुरी झाली त्यात बहुतेक ठिकाणी पासबुक तिच्याकडेच होतं.

शेवटी पाणी. नळ दिवसाआड आला किंवा टँकर मागवावा लागला की साठा करावाच लागतो, आणि बांधकामालाही पाणी लागतं. म्हणून अशा घरात पिंप, टाक्या, स्लॅबवर पाणी धरायला केलेली आळी आणि जमिनीतला हौद, सगळीकडे पाणी उघडं असतं. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंपं उलटी करून घासा, आळ्यांतलं पाणी पूर्ण सोडून द्या आणि काँक्रीट सुकायच्या आत लगेच पुन्हा भरा. पिण्याचं पाणी बांधकामाच्या हौदातून घेऊ नका, त्यात गवंडी घमेली धुतात. हौदावर फळी किंवा पत्रा टाकून चालत नाही. फळी सरकते, पत्रा वाऱ्यानं जातो, आणि लहान मूल वाकून आत बघतंच. राहायला जाणार ती तारीख ठरली असेल तर आजच फॅब्रिकेशनवाल्याला माप द्या आणि कडी-कुलपाचं लोखंडी झाकण करून घ्या. त्याचं काम एका दिवसाचं आहे.